बिल्ला एकाचा, इंजिन दुसऱ्याचं

गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला लग्नात, बारशात, अगदी दहाव्याला गेलं तरी कोणीतरी कोपऱ्यात गाठतंच आणि विचारतं, काय रे, कुठली कंपनी चांगली? ह्याचं सरळ उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही. एक तर विचारणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त माझी मान हललेली बघायची असते. आणि दुसरं म्हणजे कंपनी म्हणजे नक्की काय हेच मला नीट सांगता येत नाही, बोनेटवरचा बिल्ला दिसतो हो, पण बोनेट उघडून इंजिनाचा जन्मदाखला बघायला गेलं की तो भलत्याच गावचा निघतो. मी ह्यावर बोलायला लागलो की समोरचा दोन मिनिटं ऐकतो आणि मग ठेवणीतला प्रश्न काढतो, "ते सगळं ठीक आहे, पण रीसेल?" झालं, विषय संपला. आपल्याकडे माणूस स्वतःसाठी गाडी घेतच नाही, पाच-सात वर्षांनी जो कोणी ती घेणार आहे त्या अनोळखी माणसाला काय आवडेल ह्याचा विचार करून घेतो, म्हणून तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळीने सगळ्या पांढऱ्या गाड्या.

माझं गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे गाड्यांचं शिक्षण शोरूममध्ये नाही, वडापमध्ये झालं. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एक जीप असते, तिची कागदोपत्री क्षमता काय असेल ती असो, पण माणसं बसतात पंधरा-वीस, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं-पाचजण, ड्रायव्हरचं अर्धं बूड बाहेर, आणि जो मधोमध बसलेला असतो त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे गिअरचा दांडा. म्हणजे ड्रायव्हरला दुसरा टाकायचा असला की तो नुसता बघायचा आणि आपण पाय आवळून घ्यायचे, चौथा टाकायचा असला की पुन्हा. कॉलेजला असताना मी मुद्दाम तीच जागा धरायचो, बाकीच्यांना ती नको असायची आणि मला तिथून सगळं दिसायचं, कुठल्या चढाला तो कितीव्यात घेतो, हाफ क्लचवर किती खेळतो, उताराला गिअरमध्ये ठेवतो का पेट्रोलपंपवाल्याचं पोट जाळायला न्यूट्रल करतो. मागे फूटबोर्डावर लटकलेला क्लीनर पत्र्यावर थाप मारायचा, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

तेव्हा स्टँडबाहेर दोन पार्ट्या होत्या, महिंद्रा कमांडरवाले आणि ट्रॅक्सवाले, आणि दोघांचं एकमेकांशी बिलकुल पटायचं नाही. ट्रॅक्सवाले छाती पुढे काढून म्हणायचे, आपलं इंजिन मर्सिडीजचं आहे! आम्ही पोरं हसायचो, मर्सिडीज म्हणजे पिक्चरमधल्या स्मगलरची गाडी, तिचं इंजिन ढेबेवाडीच्या रस्त्याला कसं येईल. पण ती थाप नव्हती. ट्रॅक्स बनवणारी आकुर्डीची बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, मर्सिडीजचं ओएम 616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन रीतसर परवाना घेऊन बनवत होती, आणि हेच इंजिन मर्सिडीजच्या 240 डी मध्ये होतं, जर्मनीत टॅक्सीवाल्यांनी ज्या गाड्या लाखो किलोमीटर पिदडल्या त्याच त्या. आणि कमांडरवाल्यांना पत्ता नव्हता की त्यांच्या महिंद्राच्या पोटातही परदेशीच आहे. एक्सडीपी 4.90 म्हणायचे त्या इंजिनाला, ते होतं फ्रान्सच्या प्यूजोचं, चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, म्हणून 4.90, प्यूजोच्या 504 सारख्या गाड्यांमधल्या डिझेलच्या घराण्यातलं. म्हणजे बघा, आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन एकतर श्टुटगार्टच्या नाहीतर फ्रान्सच्या इंजिनावर बसून जायच्या आणि भांडण चाललेलं असायचं महिंद्रा भारी का टेम्पो भारी. माझं मत विचाराल तर चढाला ट्रॅक्स, आणि बंद पडल्यावर कमांडर, कारण कमांडर कुठलाही ट्रॅक्टरचा मिस्त्री उघडायचा.

मग ह्याच प्यूजोने स्वतःच्या नावाने यायचं ठरवलं तेव्हा काय झालं? 1990 च्या दशकाच्या मध्यात प्रीमियरबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 बनायला लागली. गाडी चांगली होती हो. मी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या गाडीत मागे बसलोय, तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर असं सस्पेन्शन दुसऱ्या कुठल्या गाडीत नव्हतं, खड्डा आला हे कळायचं पण कमरेला लागायचं नाही. पण कामगारांचे वाद, भागीदारांचं न पटणं, सुट्या भागांची बोंब, आणि दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. ज्यांनी घेतल्या ते बसले डोक्याला हात लावून. आणि गंमत पुढे आहे. त्या 309 मध्ये जे दीड लिटरचं डिझेल इंजिन होतं, टीयूडी 5, तेच नंतर मारुतीने एस्टीम डिझेल आणि झेन डिझेलमध्ये घातलं, आणि लोकांनी डोळे झाकून घेतल्या, कारण मारुती आहे ना, रीसेल आहे ना! ज्या इंजिनाला प्यूजोच्या बिल्ल्याखाली कोणी उभं केलं नाही ते मारुतीच्या बिल्ल्याखाली शहाणं ठरलं. पुढे 2017 साली प्यूजोने हिंदुस्तान मोटर्सकडून अॅम्बेसेडर हे नाव 80 कोटींना विकत घेतलं, त्याचं काय लोणचं घातलं ते त्यांनाच माहीत.

फियाटची कथा तर ह्याहून लांबलचक आहे, आणि ती माझ्या जास्त जवळची, कारण आमच्या काकांकडे पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना, आधी डॉज-प्लायमाउथ जोडायचे, मग फियाट. जुन्या लोकांना डुक्कर फियाट आठवत असेल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, मग 1964 ची डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात फियाटचं नाव निघून ती झाली प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. गाडी तीच. 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे सलग बाकडं, त्यामुळे तिसरा माणूस आरामात बसायचा आणि त्याच्या गुडघ्यात काही यायचं नाही, वडापवाल्यांनी हे शिकायला हवं होतं. थंडीत चोक ओढायचा, किती ओढायचा ते प्रत्येक गाडीचं वेगळं, काकांच्या गाडीला अर्ध्याच्या जरा पुढे लागायचा आणि त्याहून एक दोराभर जास्त झाला की प्लग ओले, मग बसा बोनेट उघडून. मे महिन्यात खंबाटकी चढताना कडेला बोनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटींची रांग ज्याने पाहिली नाही त्याने काय पाहिलं. काकांच्या डिकीत स्टेपनीच्या बाजूला पाण्याचा कॅन कायम, त्याला हात लावलेला त्यांना चालायचा नाही, पोरं तहानेने मेली तरी चालतील. काकू म्हणायची, ह्यांचा संसार त्या रेडिएटरशी झालाय.

पण स्टिअरिंग! पद्मिनीचं स्टिअरिंग ज्याने हातात घेतलंय त्याला विचारा. अॅम्बेसेडर ही बैठकीची गाडी, बसून घ्या आणि कोणीतरी चालवा. पद्मिनी ही चालवायची गाडी. मुंबईत टॅक्सीवाले उगीच तिला चिकटून नव्हते, गिरगावातल्या गल्लीत ती जिथे वळायची तिथे अॅम्बेसेडरला दोनदा मागेपुढे करावं लागायचं. 2000 च्या सुमाराला उत्पादन थांबलं आणि टॅक्सीची 20 वर्षांची मर्यादा लागू होऊन ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळे हळहळले, फोटोबिटो टाकले. त्यातल्या निम्म्या लोकांनी शेवटची पंधरा वर्षं पद्मिनी पुढे आली की हात खाली करून मागच्या सँट्रोला केला होता हे मी स्वतः बघितलंय.

प्रीमियरचीच दुसरी गाडी 118 एनई, 1985 ची, तिच्यावर माझा जीव आहे. बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निसानचं, 1171 सीसी. इटालियन अंग आणि जपानी काळीज, आणि बनायची महाराष्ट्रात! पद्मिनीच्या डिझेलमध्येही असंच इटलीच्या एफएनएम कंपनीचं इंजिन घातलं होतं, तिचा आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. आणि शेवटी शेवटी, 2009 ला, चिंचवडला प्रीमियरने रिओ काढली, छोटी एसयूव्ही, लोकं म्हणाली वा देशी एसयूव्ही, ती होती चीनच्या झोटाय कंपनीची गाडी आणि झोटायची म्हणजे मुळात जपानच्या दायहात्सूची टेरिओस. चार मीटरच्या आतली एसयूव्ही आज प्रत्येक कंपनी विकतेय, इकोस्पोर्ट आणि ब्रेझाच्या आधी रिओ होती हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

स्वतः फियाट कंपनीने नंतर रांजणगावला टाटाबरोबर कारखाना टाकला आणि 1.3 मल्टिजेट बनवायला घेतलं. आता ह्या इंजिनाबद्दल मी भावनिक होणार, आधीच सांगतो. 1248 सीसीचं एवढंसं डिझेल, पण दोन हजार आरपीएमला टर्बो जागा झाला की पाठीत जो धक्का बसतो तो... असो. ते फियाटच्या पालिओ, पुंटो, लिनियात होतं आणि त्या कोणी घेतल्या नाहीत. मारुतीने 2007 ला स्विफ्टमध्ये घातलं, मग डिझायर, रिट्झ, एसएक्स 4, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटाने व्हिस्टा-मान्झापासून झेस्टपर्यंत. शेव्हर्लेने सेलमध्ये, आणि बीटमध्ये तर त्यातलाच एक सिलिंडर कमी करून. एकाच चौकात सिग्नलला चार कंपन्यांच्या गाड्या उभ्या आणि चारही गाड्यांच्या पोटात तेच इंजिन, आणि त्यांचे मालक संध्याकाळी आपापली कंपनी कशी भारी ह्यावर वाद घालणार. 2020 च्या एप्रिलला धुराचे कडक बीएस 6 नियम आले आणि मल्टिजेट गेलं, फियाटच्या गाड्यांची विक्री तर त्याआधीच बंद पडली होती. आज रांजणगावातून जीप कंपास बाहेर पडते. म्हणजे ज्या महाराष्ट्रात पन्नास वर्षं महिंद्राच्या प्रत्येक गाडीला लोक जीप म्हणत आले तिथे खऱ्या बिल्ल्याची जीप बनते, तर तिला लोक कंपास म्हणतात.

उलट्या बाजूची उदाहरणंही आहेत, म्हणजे बिल्ला आणि अंग राजाचं आणि आत सगळा आनंद. 1985 च्या सुमाराला मद्रासच्या स्टँडर्डने आणलेली स्टँडर्ड 2000. बॉडी ब्रिटिश रोव्हर एसडी 1 ची, जिच्यात तिकडे साडेतीन लिटरचं व्ही 8 असायचं, आणि आपल्याकडे तिच्यात घातलं स्टँडर्डच्याच जुनाट व्हॅन्गार्ड गाडीच्या वंशाचं चार सिलिंडर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तीन-चार वर्षांत खेळ खलास. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचंही सुरुवातीला तेच, व्हॉक्सहॉलचं एवढं मोठं धूड आणि ओढायला अॅम्बेसेडरचं दीड लिटर, नंतर इसुझूचं 1.8 आलं तेव्हा कुठे ती गाडी झाली. तरी आमच्याकडच्या पुढाऱ्यांचं तिच्यावर फार प्रेम, कारण मागे ऐसपैस बसता यायचं आणि पुढाऱ्याला घाई कधी असते.

आता टाटा, म्हणजे आमच्या पिंपरीची. इथे मला जरा आवाज चढवून बोलायचंय. 2005 साली टाटाने एस काढली, जिला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. तिचं इंजिन बघा, इंडिकाचं 1405 सीसीचं चार सिलिंडर डिझेल कलिंगडासारखं मधोमध कापलं की जे उरेल ते, दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 हॉर्सपॉवर. कागदावर हे आकडे वाचून आम्ही गाडीवेडे खो खो हसलो होतो. आणि तिने तीनचाकी टेम्पोचा धंदा उठवला. गल्लीत घुसते, पाऊण टन उचलते (म्हणजे कागदावर पाऊण, टोमॅटोच्या क्रेट मोजल्या तर कंपनीवाल्यांना भोवळ येईल), मालक स्वतःच ड्रायव्हर, आणि चार चाकं असल्यामुळे पोरीकडची मंडळी जरा मानाने बघतात. ह्या गाडीच्या टीमचे प्रमुख होते गिरीश वाघ, आणि त्यांनाच पुढे नॅनो दिली गेली.

नॅनोला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडतो. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत रतन टाटा तिच्यातून उतरले तेव्हा जगभरच्या कंपन्यांचे इंजिनिअर टेप घेऊन मोजायला आले असतील. मागे इंजिन, 624 सीसी, दोन सिलिंडर. चाकाला तीनच नट. वायपर एकच. पेट्रोलचं तोंड पुढच्या बोनेटखाली, पंपावर गेलं की उतरून बोनेट उघडावं लागायचं आणि पंपावरचं पोरगं आपल्याकडे असं बघायचं की साहेबांना पेट्रोल नको, पाणी हवंय. सुरुवातीच्या मॉडेलची डिकी बाहेरून उघडायचीच नाही, मागची सीट पाडून आतूनच सामान टाकायचं. ह्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी रात्र रात्र बसून विचार करून कमी केलेली आहे, आणि तरीही आत चार माणसं बसली की डोकं टेकत नव्हतं, सहा फुटी माणूस मागे मांडी घालून बसेल एवढी जागा. इतकं डोकं एका गाडीत आपल्या देशात पुन्हा कोणी घातलेलं नाही, मी तरी पाहिलेलं नाही.

मग चालली का नाही? बंगालात सिंगूरला जमिनीवरून झालेली भानगड, कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला, काही गाड्यांना आग लागली, हे सगळं झालंच. पण माझ्या मते खरा घोळ असा की सगळ्या जगात तिची जाहिरात झाली ती सर्वात स्वस्त गाडी म्हणून. आपल्याकडे लोकांना स्वस्त गाडी नको असते, महाग गाडी स्वस्तात हवी असते. छोटा हत्ती घेणाऱ्याने हिशोब केला, महिन्याला हप्ता किती आणि खेप किती, त्याला शेजारी काय म्हणेल ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं. नॅनो घेणाऱ्याला मात्र स्कूटरवरून उतरून गाडीत बसायचं होतं ते शेजाऱ्याला दाखवायलाच, आणि शेजारी म्हणाला, अरे वा, लाखाची का? संपलं. 2018 ला ती बंद झाली, आणि तीच मंडळी आता ट्रॅफिकमध्ये अडकली की म्हणतात, नॅनो परत काढायला पाहिजे राव.

छोट्या गाडीचं हे वेड आपल्याकडे नॅनोपेक्षा कितीतरी जुनं आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी, फारसं शिक्षण नाही, स्वतःच्या डोक्याने एक छोटी गाडी बनवली, मीरा तिचं नाव. पहिलं मॉडेल 1940 च्या दशकातलं आणि सुधारत सुधारत शेवटचं 1970 च्या दशकातलं, इंजिन मागे, आणि बारा हजारात विकायचा विचार. परवानगीसाठी किती उंबरठे झिजवले असतील, तेव्हाचं लायसन्सराज, आणि नंतर सरकारच स्वतःची छोटी गाडी काढायला निघालं. मीरा कारखान्यातून कधी निघालीच नाही. इचलकरंजीत यंत्रमागाचा एखादा सुटा भाग मिळत नसला की लोक तो लेथवर बनवून घेतात, त्या गावात गाडी बनली ह्याचं मला नवल नाही वाटत, तिला कोणी विचारलं नाही ह्याचंच जास्त वाटतं.

अलीकडच्या विचित्र गाड्यांमध्ये बजाजची क्यूट, वाळूजला बनणारी, 216 सीसी, 2012 ला दाखवली आणि नियम आणि कोर्टकचेऱ्या ह्यात रस्त्यावर यायला सहा-सात वर्षं गेली. दिसायला म्हणाल तर रिक्षाने नवस बोलून चौथं चाक मिळवलेलं. राजीव बजाज स्वतःच सांगत होते ही कार नाही म्हणून, आणि लोक कार म्हणूनच बघून नाक मुरडत होते. पण माझी खरी आवडती कुठली सांगू? आयशर आणि पोलारिसची मल्टिक्स, 2015 ची. ग्रीव्हजचं छोटं डिझेल इंजिन, पुढे माणसं मागे माल, आणि गाडी उभी केली की तिच्यातूनच तीन किलोवॅटपर्यंत वीज मिळायची. ज्याने लोडशेडिंग भोगलंय त्याला मी काय सांगणार. मंडपवाल्याने लाइट लावावेत, वेल्डिंगवाल्याने मशीन चालवावं, लाइट गेली तर आईसक्रीमवाल्याने फ्रीज. प्रदर्शनात ती बघून मी तिथल्या सेल्समनला इतके प्रश्न विचारले की त्याला वाटलं हा आज टोकन देणार. तीनेक वर्षांत बंद. आणि आता काही लाखांच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये गाडीतून मिक्सर चालतो म्हणून जाहिराती करतायत.

सध्या माझी नजर एका जुन्या लिनियावर आहे, मल्टिजेट, 90 हॉर्सपॉवरवाली, मालक पहिलाच, एक शिक्षक, सर्व्हिसची सगळी बिलं फायलीत लावलेली. दरवाजा लावताना जो धप्प आवाज येतो तो ऐकून मी निम्मा विकला गेलोय. किंमत एवढी पडलीय की त्या पैशात चांगली नवी बाइक येईल. घरी अजून बोललेलो नाही. गाडी घेऊन आधी माझ्या मिस्त्रीकडे गेलो, बार्शीचा माणूस आहे, बोलतो कमी. त्याने स्टार्ट केली, ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, टायमिंग चेनचा आवाज ऐकला, खाली झोपून सगळं बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "इंजिन घ्या बिनघोर. आतलं बरंच सामान एर्टिगाचं बसतंय, मारुतीच्या काउंटरला जाऊन घेऊन येतो. फक्त साहेब, पुढचा हेडलाइट तेवढा जपा, तो गेला तर मग पुण्यात जुन्या बाजारात हिंडायचं तुम्ही, मी नाही येणार."